पोटातील कॅसलमन आजार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोटातील गाठ काढून झाल्यावर किंवा तिचा तुकडा तपासून झाल्यावर हाती आलेल्या अहवालात 'कॅसलमन डिसीज' हे शब्द आयुष्यात पहिल्यांदाच वाचणाऱ्या रुग्णांनी आणि त्यांच्या घरच्यांनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवले, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतील तिथे दुसऱ्याचा क्रमांक दिला आहे. उपचाराचा निर्णय रुग्णाला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

१. अहवालात 'कॅसलमन डिसीज, हायलाइन व्हॅस्क्युलर टाइप' असे लिहिले आहे. हा नेमका कोणता आजार आहे?

मान, काख, जांघ, छाती आणि पोट अशा अनेक ठिकाणी आपल्या शरीरात शेकडो लसीकाग्रंथी असतात. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची ती ठाणी होत. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, ते या ग्रंथी सुजल्यामुळेच, आणि जखम भरली की ते ओसरते. कॅसलमन आजारात असे काही कारण दिसत नसताना ग्रंथी वाढते, वाढलेलीच राहते आणि तिची आतली रचना बदलून जाते. एकाच जागी होणारा हा आजार छातीत सर्वाधिक आढळतो. पोटात तो बहुधा दोन ठिकाणी सापडतो : आतड्यांना पोटाच्या मागच्या भिंतीशी जोडणाऱ्या 'मेसेंटरी' या पडद्यात, किंवा त्याहूनही मागे, जिथे मूत्रपिंडे आणि महाधमनी असतात त्या भागात. 'हायलाइन व्हॅस्क्युलर' हे त्या बदललेल्या रचनेचे वर्णन आहे. त्याचा अर्थ प्रश्न ४ मध्ये आहे.

२. हा कॅन्सर आहे का?

एकाच जागी असलेला कॅसलमन आजार कॅन्सर नाही. कॅन्सरप्रमाणे तो यकृतात, फुप्फुसात किंवा हाडांत पसरत जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या वर्गीकरणातही त्याला लिम्फोमांच्या (लसीकाग्रंथींच्या कॅन्सरच्या) यादीत न घालता 'गाठीसारखे दिसणारे विकार' या गटात ठेवले आहे. तरीही रुग्णाला रक्तविकारतज्ज्ञांकडे किंवा कर्करोग रुग्णालयात पाठवले जाते, आणि दारावरची पाटी वाचूनच घरच्यांचा धीर सुटतो. तिथे पाठवण्याचे कारण इतकेच, की लसीकाग्रंथींचे दुर्मीळ विकार ओळखण्याचा सराव आणि त्यांवरची औषधे वापरण्याचा अनुभव तिथल्या डॉक्टरांकडे असतो. अनेक जागी होणारा प्रकार कॅन्सर नसूनही गंभीर असू शकतो, म्हणून प्रश्न ५ अवश्य वाचावा.

३. 'कॅसलमन' हे नाव कशावरून पडले?

बेंजामिन कॅसलमन हे अमेरिकेतील बोस्टन शहरातल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील विकृतिशास्त्रज्ञ (पॅथॉलॉजिस्ट) होते. १९५४ मध्ये त्यांनी असा एक रुग्ण नोंदवला आणि १९५६ मध्ये छातीत अशाच गाठी असलेल्या १३ रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले.

४. अहवालात रक्तवाहिन्यांचा इतका उल्लेख का आहे? गाठ लसीकाग्रंथीची आहे की रक्तवाहिन्यांची?

गाठ लसीकाग्रंथीचीच आहे, पण तिच्यातल्या रक्तवाहिन्या बिघडलेल्या आहेत. निरोगी ग्रंथीत पेशींचे गोल पुंजके असतात. प्रत्येक पुंजक्याच्या मध्यभागी फिकट केंद्र आणि भोवती लहान पेशींची कड असते. हायलाइन व्हॅस्क्युलर प्रकारात मधले केंद्र आक्रसते आणि भोवतालच्या पेशी कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या एकावर एक रचल्या जातात. बाहेरून एखादी बारीक रक्तवाहिनी या पुंजक्यात काटकोनात शिरते, आणि तिच्या भिंतीत काचेसारखा चकचकीत, गुलाबी दिसणारा थर साठलेला असतो. या थरालाच 'हायलाइन' म्हणतात. काडीवरचा गोल लॉलीपॉप डोळ्यांसमोर आणला तर हे चित्र लगेच कळते, आणि विकृतिशास्त्रज्ञही बोलताना हाच शब्द वापरतात. कधी एकाच कडेच्या आत दोन-तीन केंद्रे दिसतात. पुंजक्यांच्या मधल्या जागेतही बारीक रक्तवाहिन्यांचे दाट जाळे झालेले असते.

हे कशामुळे होते, याचा धागा ग्रंथीला आधार देणाऱ्या 'फॉलिक्युलर डेन्ड्रिटिक' पेशींकडे जातो. रक्तवाहिन्या वाढवणारे 'व्हीईजीएफ' हे प्रथिनही या आजारात वाढलेले आढळते. या साऱ्याचा व्यवहारातला परिणाम रुग्णाने लक्षात ठेवावा असा आहे : गाठीला भरपूर रक्तपुरवठा असतो, त्यामुळे सीटी स्कॅनमध्ये शिरेतून कॉन्ट्रास्ट (स्कॅनवर उठून दिसणारे द्रव्य) दिल्यावर ती झगझगीत उजळते, आणि याच कारणाने सुई घालताना किंवा शस्त्रक्रिया करताना रक्तस्रावाची काळजी घ्यावी लागते.

दुसरा प्रकार 'प्लाझ्मा सेल' नावाचा. त्यात रक्तवाहिन्यांपेक्षा प्लाझ्मा पेशींची, म्हणजे प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पांढऱ्या पेशींची, गर्दी ठळक असते. १९७२ मध्ये कॅसलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८१ रुग्णांचा अभ्यास करून हे दोन प्रकार वेगळे केले, तेव्हा सुमारे ९० टक्के गाठी हायलाइन व्हॅस्क्युलर होत्या. काही गाठींत दोन्हींचे मिश्रण असते.

५. 'युनिसेंट्रिक' आणि 'मल्टिसेंट्रिक' यांत काय फरक आहे?

या पानावरचे एकच उत्तर वाचायला वेळ असेल तर हे वाचावे. एकाच नावाखाली दोन फार वेगळे आजार आले आहेत, आणि इंटरनेटवर वाचून घाबरलेले बहुतेक लोक एका आजाराचे वर्णन वाचून दुसऱ्याची भीती बाळगत असतात.

युनिसेंट्रिक म्हणजे एकच ग्रंथी, किंवा एकाच भागातल्या लगतच्या काही ग्रंथी. हा प्रकार साधारणपणे तरुण वयात, बऱ्याचदा तिशीत-चाळिशीत सापडतो. त्याची गाठ पूर्ण काढली की बहुतेक रुग्ण बरे होतात. मल्टिसेंट्रिक प्रकारात मान, काख, छाती, पोट अशा अनेक भागांतल्या ग्रंथी एकाच वेळी वाढतात आणि 'इंटरल्युकिन ६' यासारखी दाह वाढवणारी द्रव्ये रक्तात उसळतात. त्यामुळे ताप, रात्रीचा घाम, वजन घटणे, अंगावर सूज आणि रक्तक्षय होतो. हा आजार सबंध शरीराचा असल्यामुळे चाकूने बरा होत नाही, त्याला औषधेच लागतात. त्याचाही एक गट 'ह्यूमन हर्पिस व्हायरस ८' या विषाणूमुळे होतो, दुसरा 'पोएम्स' या प्लाझ्मा पेशींच्या विकाराबरोबर येतो आणि तिसऱ्याचे कारण सापडत नाही, त्याला 'इडिओपॅथिक' म्हणतात.

म्हणून अहवाल हातात आल्यावर डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारावा : "आजार एकाच जागी आहे की अनेक?" मान ते जांघ असा सीटी किंवा पेट स्कॅन झाल्याशिवाय याचे खात्रीचे उत्तर देता येत नाही. केवळ पोटाच्या स्कॅनवरून 'एकच गाठ' म्हणणे अपुरे आहे.

६. काहीच त्रास नव्हता. मूतखड्यासाठी केलेल्या सोनोग्राफीत गाठ दिसली. असे होते का?

होते, आणि पुष्कळदा होते. पोटाच्या मागच्या भागात जागा भरपूर असल्यामुळे गाठ पाच-सात सेंटिमीटर होईपर्यंत कुणाला कळत नाही. गाठ शेजारच्या अवयवावर दाब देऊ लागली तर पोटात भरल्यासारखे वाटणे, कंबर दुखणे किंवा मूत्रवाहिनी दाबली जाऊन मूत्रपिंडाला सूज येणे असे त्रास होतात. प्लाझ्मा सेल प्रकारात गाठ एकच असली तरी ताप आणि रक्तक्षय असू शकतो. त्याविषयी प्रश्न १४ पाहावा.

७. आधी टीबी समजून औषधे सुरू केली होती. डॉक्टरांची चूक झाली का?

आपल्याकडे पोटात वाढलेल्या लसीकाग्रंथी, ताप आणि घटलेले वजन दिसले की टीबीचा विचार सर्वांत आधी येतो, आणि तो यायलाच हवा, कारण टीबी आपल्याकडे कितीतरी अधिक आढळतो. संशय घेण्यात चूक नाही. तुकडा न तपासता केवळ संशयावर सहा-सहा महिने औषधे देत राहणे मात्र टाळायला हवे, कारण त्यात वेळ जातो, यकृतावर ताण येतो आणि खरा आजार झाकलेला राहतो.

स्कॅनमध्ये काही फरक दिसतात. टीबीच्या ग्रंथी बहुधा अनेक असतात, एकमेकींना चिकटलेल्या असतात, आणि कॉन्ट्रास्ट दिल्यावर त्यांची कड उजळते पण मधला भाग सडलेला असल्यामुळे काळाच राहतो. हायलाइन व्हॅस्क्युलर कॅसलमनची गाठ बहुधा एकटी असते आणि सबंध उजळते. हे फरक वाट दाखवतात, निकाल देत नाहीत. निकाल ऊतक तपासूनच लागतो. ग्रंथी काढली जाणार असेल तर तिचा एक भाग फॉर्मॅलिनमध्ये न घालता सलाइनमध्ये ठेवून टीबीच्या जीनएक्सपर्ट (जंतूचे जनुक शोधणारी) आणि कल्चर (जंतू वाढवून पाहणारी) तपासणीसाठी पाठवायला सांगावे, कारण फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात आणि मग कल्चर करता येत नाही. शस्त्रक्रियेच्या दिवशी धावपळीत ही गोष्ट हमखास राहून जाते, म्हणून आदल्या दिवशीच आठवण करून द्यावी.

तुकडा घेण्याआधी स्टेरॉइड सुरू करणेही टाळावे. स्टेरॉइडने लिम्फोमाच्या पेशी तात्पुरत्या विरघळतात आणि निदान चुकते.

८. सुईने तपासणी करून निष्कर्ष निघाला नाही. आता पुन्हा तपासणी का?

बारीक सुईने केलेल्या एफएनएसी तपासणीत सुट्या पेशी मिळतात, ग्रंथीची रचना मिळत नाही. आणि कॅसलमन आजार तर ओळखायचा असतो तो रचनेवरून. भिंतीच्या चार विटा पाहून घराचा नकाशा सांगता येत नाही, तसेच हे आहे. जाड सुईच्या बायोप्सीत थोडी रचना दिसते, पण तीही अनेकदा अपुरी पडते. शक्य असेल तिथे सबंध ग्रंथी काढून तपासणे सर्वांत चांगले, आणि एकट्या गाठीच्या बाबतीत तपासणी व उपचार हे दोन्ही त्याच शस्त्रक्रियेत होतात.

सुई घालण्यापूर्वीची एक खबरदारी फार महत्त्वाची आहे. पोटाच्या मागच्या भागात झगझगीत उजळणारी गाठ 'पॅरागॅन्ग्लिओमा'चीही असू शकते. ही गाठ रक्तदाब वाढवणारी संप्रेरके तयार करते आणि तिला सुई टोचल्यास रक्तदाब जीवघेणा उसळू शकतो. म्हणून अशा जागची गाठ हाताळण्याआधी रक्तातील किंवा लघवीतील 'मेटॅनेफ्रिन' तपासून घेतात. ही तपासणी सांगितली तर ती अनावश्यक समजू नये.

९. दुसरे मत घ्यायचे तर नेमके काय न्यायचे? आमच्याकडे फक्त अहवालाचा कागद आहे.

कागदावर दुसरे मत मिळत नाही. ज्या पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत तपासणी झाली तिथून मेणाचे ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड मागून घ्याव्यात. लेखी अर्ज केल्यावर त्या मिळतात. ब्लॉक हाच खरा ठेवा आहे, कारण त्यातून नवे काप घेऊन विषाणूची आणि लिम्फोमाची विशेष तपासणी करता येते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयासारख्या ठिकाणी ब्लॉक आणि स्लाइड पुनर्तपासणीसाठी स्वीकारल्या जातात. लिम्फोमा, 'आयजीजी४' विकार, ल्युपस आणि संधिवात यांतही कॅसलमनसारखी रचना दिसू शकते, म्हणून लसीकाग्रंथींचा विशेष अनुभव असलेल्या विकृतिशास्त्रज्ञांनी स्लाइड पाहणे हा वेळेचा अपव्यय नव्हे. उन्हाळ्यात ब्लॉक प्रवासात न्यायचे असतील तर ते गाडीत उन्हात ठेवू नयेत, मेण वितळते.

१०. यांची एचआयव्ही तपासणी का सांगितली? आमच्या घरात तसे काही नाही.

हा प्रश्न दुखावलेल्या मनाने विचारला जातो, म्हणून स्पष्ट सांगतो : ही तपासणी कुणाच्या वागण्यावर संशय घेऊन सांगितलेली नसते. प्रश्न ५ मध्ये सांगितलेला विषाणूजन्य मल्टिसेंट्रिक प्रकार एचआयव्ही असलेल्या व्यक्तींत अधिक आढळतो, आणि त्याचा उपचार इतर प्रकारांहून वेगळा असतो. त्यामुळे कॅसलमन निदान झालेल्या प्रत्येक रुग्णाची ही तपासणी होते. तिच्याबरोबर हिमोग्लोबिन, प्लेटलेट, ईएसआर व सीआरपी (शरीरातला दाह दाखवणाऱ्या तपासण्या), अल्ब्युमिन, मूत्रपिंड व यकृताच्या तपासण्या आणि रक्तातील प्रथिनांची तपासणी करतात. 'ह्यूमन हर्पिस व्हायरस ८' ग्रंथीच्या तुकड्यावर विशेष रंग देऊन शोधतात. एकट्या गाठीत तो सहसा सापडत नाही.

११. शस्त्रक्रिया करावीच लागते का? ती किती धोक्याची असते?

एकट्या गाठीसाठी ती पूर्ण काढणे हा पहिल्या पसंतीचा उपचार आहे, आणि गाठ पूर्ण निघाल्यास ९० टक्क्यांहून अधिक रुग्णांना पुढे या आजाराचा त्रास होत नाही. इतक्या दुर्मीळ आजारात इतका चांगला निकाल मिळतो, ही दिलासा देणारी गोष्ट आहे.

धोका गाठीच्या आकारापेक्षा तिच्या जागेवर अवलंबून असतो. मेसेंटरीच्या कडेला असलेली गाठ कधी दुर्बिणीतूनही काढता येते. मेसेंटरीच्या मुळाशी, आतड्यांना रक्त पुरवणाऱ्या मोठ्या धमनीला बिलगून असलेली गाठ मात्र अवघड असते आणि क्वचित आतड्याचा काही भाग तिच्याबरोबर काढावा लागतो. गाठीकडे जाणाऱ्या जाड रक्तवाहिन्या स्कॅनमध्ये दिसल्या, तर शस्त्रक्रियेच्या थोडे आधी मांडीतून किंवा मनगटातून नळी घालून त्या बंद करता येतात. याला 'एम्बोलायझेशन' म्हणतात. रक्ताची सोय आधी करून ठेवलेली असावी. आपल्या शल्यचिकित्सकांना गाठीचा रक्तपुरवठा कुठून येतो हे मोकळेपणाने विचारावे, ते स्कॅनवर बोट ठेवून दाखवू शकतात.

१२. डॉक्टर म्हणतात गाठ काढता येणार नाही. मग काय?

गाठ त्रास देत नसेल आणि निदान पक्के असेल, तर ठरावीक काळाने स्कॅन करून लक्ष ठेवणे हाही मान्य मार्ग आहे. ती दाबामुळे त्रास देत असेल तर रिटुक्सिमॅबसारखे औषध, एम्बोलायझेशन किंवा किरणोपचार यांनी ती लहान करण्याचा प्रयत्न करतात, आणि लहान झाल्यावर शस्त्रक्रियेचा पुन्हा विचार होतो. ताप व रक्तक्षय हा मुख्य त्रास असेल तर इंटरल्युकिन ६ ला अडवणारी औषधे दिली जातात.

१३. गाठ काढली, आता पुन्हा होईल का?

पूर्ण काढलेली एकटी गाठ सहसा परत येत नाही, पण काही भाग मागे राहिला असेल तर तो वाढू शकतो. म्हणून सुरुवातीला सहा ते बारा महिन्यांनी स्कॅन व रक्ततपासणी आणि पुढे वर्षातून एकदा भेट असा क्रम बहुतेक ठिकाणी ठेवतात. या आजारानंतर लिम्फोमा किंवा फॉलिक्युलर डेन्ड्रिटिक पेशींचा सार्कोमा (एक प्रकारचा कॅन्सर) झाल्याची उदाहरणे आहेत. ती फार विरळ आहेत, पण नवी गाठ आली तर 'ती जुनीच असेल' असे गृहीत न धरता तपासून घ्यावी.

१४. मुलीची उंची वाढत नाही, हिमोग्लोबिन कायम कमी आणि लोहाच्या गोळ्यांचा उपयोग नाही. पोटात एक गाठ सापडली आहे. यांचा संबंध असू शकतो का?

असू शकतो. मेसेंटरीतील प्लाझ्मा सेल किंवा मिश्र प्रकारची एकच गाठ सतत इंटरल्युकिन ६ तयार करत राहते. त्यामुळे यकृतातून 'हेप्सिडिन' हे संप्रेरक वाढते, आणि हेप्सिडिन आतड्यातून लोह शोषू देत नाही व शरीरात साठलेले लोहही बाहेर पडू देत नाही. रक्त तपासले तर चित्र लोहाच्या कमतरतेसारखेच, पण गोळ्या कितीही दिल्या तरी हिमोग्लोबिन जागचे हलत नाही. दीर्घकाळच्या दाहामुळे मुलांची वाढ खुंटते. अशा मुलांना वर्षानुवर्षे पालेभाज्या, गूळ आणि टॉनिक दिले जाते, आणि आईला 'मुलीच्या खाण्याकडे लक्ष द्या' असे ऐकावे लागते. यात आईचा काहीही दोष नसतो. गाठ काढल्यावर काही आठवड्यांत-महिन्यांत हिमोग्लोबिन आपोआप सुधारते आणि वाढही पुन्हा सुरू होते. रक्तक्षयाबरोबर ईएसआर आणि सीआरपी सतत वाढलेले असतील तर पोटाची सोनोग्राफी करून घेण्यास संकोच करू नये.

१५. हा आजार संसर्गजन्य किंवा आनुवंशिक आहे का? काही पथ्य?

एकाच जागचा आजार एकाकडून दुसऱ्याला होत नाही आणि तो सहसा घराण्यात चालतही नाही. कोणत्याही विशेष पथ्याने गाठ कमी होत नाही, आणि 'गाठ विरघळवणारी' औषधे विकणाऱ्यांच्या मागे लागून शस्त्रक्रियेला उशीर करू नये.

१६. तोंडात महिनोन्‌महिने बऱ्या न होणाऱ्या जखमा आहेत आणि आता पोटात गाठ निघाली. दोन वेगळे आजार आहेत का?

हा दुर्मीळ, पण चुकवून चालणार नाही असा अपवाद आहे. काही रुग्णांत कॅसलमनच्या गाठीमुळे शरीरात स्वतःच्याच त्वचेविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि 'पॅरानिओप्लास्टिक पेम्फिगस' होतो : ओठ, जीभ आणि गालाच्या आतल्या बाजूला खोल, वेदनादायक जखमा, डोळे लाल, अंगावर फोड. रुग्ण तोंड आले म्हणून जीवनसत्त्वांच्या गोळ्या घेत राहतो आणि गाठ पोटाच्या मागे लपलेली असते. याच प्रतिपिंडांमुळे फुप्फुसातील बारीक श्वासनलिका कायमच्या अरुंद होऊ शकतात, आणि जिवाला खरा धोका त्याचाच असतो. गाठ काढल्यावर जखमा हळूहळू भरतात, फुप्फुसाची झालेली हानी मात्र भरून येत नाही. त्यामुळे अशा रुग्णाला चालताना दम लागू लागला तर त्याच आठवड्यात श्वसनक्षमतेची तपासणी करावी. शस्त्रक्रियेतही गाठ कमीत कमी हाताळून तिच्या रक्तवाहिन्या आधी बांधण्याची दक्षता घेतात.

१७. पेट स्कॅनमध्ये अनेक ग्रंथी दिसल्या, पण त्या फार मोठ्या नाहीत. पोटात पाणी झाले आहे आणि प्लेटलेट कमी आहेत. हेही कॅसलमनच का?

सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्यांची वाढ तशीच दिसते, पण रुग्णाची स्थिती पूर्ण वेगळी असते. ताप, प्लेटलेट कमी होणे, अंगावर व पोटात पाणी साठणे, मूत्रपिंडाचे काम बिघडणे आणि यकृत-प्लीहा वाढणे या समूहाला २०१० मध्ये जपानमधील डॉक्टरांनी 'टॅफ्रो' असे नाव दिले. तो इडिओपॅथिक मल्टिसेंट्रिक आजाराचा तीव्र प्रकार आहे, आणि त्यात वाट पाहत बसायला सवड नसते. रुग्णाला मोठ्या रुग्णालयात ताबडतोब दाखल करावे. अमेरिकेतील डॉक्टर डेव्हिड फायगनबॉम यांना वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच हा आजार झाला. त्यांनी २०१२ मध्ये या आजारावरील संशोधकांचे जाळे उभे केले आणि पुढे स्वतःच्याच रक्ताचा अभ्यास करून सिरोलिमस हे औषध स्वतःवर लागू करून पाहिले.

इडिओपॅथिक प्रकाराच्या निदानाचे सर्वमान्य निकष २०१७ मध्ये ठरले. उपचारांत इंटरल्युकिन ६ ला अडवणारी औषधे मुख्य आहेत : टोसिलिझुमॅब जपानमध्ये २००५ मध्ये आणि सिल्टुक्सिमॅब अमेरिकेत २०१४ मध्ये या आजारासाठी मंजूर झाले. टोसिलिझुमॅब हे नाव आपल्याकडे करोनाच्या काळात घरोघरी पोहोचले; ते औषध त्याआधीपासून या रुग्णांसाठी वापरात होते.

१८. विमा कंपनी विचारते की हा कॅन्सर आहे की नाही. काय लिहायचे?

जे अहवालात आहे तेच, अक्षरशः. 'गंभीर आजार' विम्यात कॅन्सरची व्याख्या बहुधा नेमकी असते आणि एकटी कॅसलमन गाठ तिच्यात बसत नाही. नेहमीच्या रुग्णालय-खर्चाच्या विम्याला मात्र शस्त्रक्रिया कोणत्या निदानासाठी झाली एवढेच पुरते. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ घ्यायचा असेल तर शस्त्रक्रियेची तारीख ठरण्यापूर्वीच रुग्णालयातील आरोग्यमित्रांना भेटावे, कारण मंजुरी आधी घ्यावी लागते.

१९. मुख्य गाठीशेजारच्या तीन-चार ग्रंथीही वाढल्या आहेत. मग आजार एका जागचा की अनेक जागांचा?

सरधोपट विभागणीत न बसणारा हा भाग आहे. एकाच भागातल्या लगतच्या ग्रंथी वाढल्या असतील आणि ताप, रक्तक्षय, वाढलेला सीआरपी असे काही नसेल, तर अशा रुग्णाचा आजार एका जागच्या आजारासारखाच वागतो आणि शक्य तितक्या ग्रंथी काढण्याचा विचार करतात. कधी मोठी गाठ काढल्यावर शेजारच्या ग्रंथी आपोआप ओसरतात, कारण त्या केवळ तिच्या दाहामुळे सुजलेल्या असतात. त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वीच्या स्कॅनमधल्या प्रत्येक लहान ग्रंथीवरून 'मल्टिसेंट्रिक' असा शिक्का मारून औषधे सुरू करण्याआधी, मुख्य गाठ काढल्यानंतर तीन ते सहा महिन्यांनी केलेला स्कॅन आधीच्या स्कॅनशेजारी ठेवून पाहावा.